पाऊस ओसरल्यावर ओढ्यात येणारे पाणी कुठले? भूजलाचा वाटा मोजण्याची सविस्तर पद्धत

जोराचा पाऊस पडतो, दोन तासांत ओढा फुगतो, गढूळ होतो आणि दुसऱ्या दिवशी ओसरतो. पाहणाऱ्याला वाटते की जे पडले तेच वाहून गेले. प्रत्यक्षात झाडोऱ्याच्या, उताराच्या, ओल्या हवामानातल्या लहान पाणलोटांमध्ये पुराच्या शिखरालाही निम्म्याहून अधिक पाणी पाऊस सुरू होण्याआधीपासून जमिनीत मुरलेले असते, असे मोजमापांतून वारंवार दिसले आहे. आजच्या पावसाने ते फक्त बाहेर ढकललेले असते.

१९३३ मध्ये रॉबर्ट हॉर्टन यांनी पुराचे स्पष्टीकरण असे दिले होते: जमीन जेवढे पाणी पिऊ शकते त्यापेक्षा पावसाचा वेग जास्त झाला की उरलेले पाणी पृष्ठावरून धावते. उघडी, टणक झालेली किंवा सिमेंटने झाकलेली जमीन असेल तर हे अगदी खरे आहे. पण सच्छिद्र मातीच्या, पालापाचोळ्याने झाकलेल्या उतारावर पृष्ठावरून पाणी वाहताना दिसतच नाही, तरी ओढा फुगतो. १९७९ मध्ये स्क्लॅश आणि फारव्होल्डन यांनी कॅनडातल्या पाणलोटांत ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचा) माग काढून दाखवले की तिथे फुगवट्यात भूजलाचाच मोठा हात होता.

आधी कोडे सोडवू: पाणी सावकाश, मग पूर झटपट कसा?

मातीची वाहकता (पाणी पुढे जाऊ देण्याची क्षमता) दिवसाला २ मीटर, भूजलाचा उतार ०.०५ (म्हणजे २० मीटरला १ मीटर) आणि पाणी वाहू देणारी पोकळी २० टक्के धरा. मग पाण्याच्या थेंबाचा प्रत्यक्ष वेग होतो २ × ०.०५ ÷ ०.२० = दिवसाला अर्धा मीटर. काठापासून २० मीटरवर मुरलेला थेंब ओढ्यात पोचायला ४० दिवस लागतील. मग दोन तासांत भूजल आले कुठून?

उत्तर असे की थेंबाचा वेग वेगळा आणि दाबाचा वेग वेगळा. भरलेल्या लांब नळीच्या एका टोकाला तोटी सोडली की दुसऱ्या टोकाला लगेच पाणी पडते. पण पडते ते नळीत आधीपासून असलेले. जमिनीत हेच घडते, फक्त नळीसारखे एकसारखे नाही. चार गोष्टी एकत्र काम करतात.

एक, केशाकर्षणाचा पट्टा. भूजलपातळीच्या लगेच वर बारीक मातीत काही सेंटिमीटरपासून एखाद्या मीटरपर्यंतचा थर जवळजवळ पूर्ण भिजलेला असतो, पण त्यातले पाणी ताणाखाली असल्याने वाहत नाही. त्यात अगदी थोड्या पाण्याची भर पडली की ताण संपतो आणि भूजलपातळी एकदम वर उडी घेते. ओढ्याकाठच्या सखल जागेत पातळी आधीच उथळ असते, म्हणून ही उडी तिथे सर्वांत आधी आणि सर्वांत मोठी असते. काठाशी भूजलाचा उंचवटा तयार होतो आणि ओढ्याकडचा उतार तीव्र होतो.

दोन, पातळी चढण्याचे साधे गणित. १० मिमी पाणी भूजलाला मिळाले आणि भरायला उरलेली पोकळी १० टक्के असेल तर पातळी १०० मिमी चढते. पोकळी फक्त २ टक्के उरली असेल तर तीच भर पातळी ५०० मिमी चढवते. आधीच भिजलेल्या पाणलोटात लहानसा पाऊसही ओढा का फुगवतो, त्याचे मुख्य कारण हेच.

तीन, वरचा थर अधिक वाहक असतो. मुळांची बिळे, भेगा, किड्यामुंग्यांची भोके वरच्या अर्ध्या-एक मीटरात जास्त असतात. पातळी या थरात शिरली की प्रवाह सरळ रेषेत वाढत नाही, उसळी मारतो. आकडे घालून पाहा. ओढ्याची लांबी १ किमी, दोन्ही काठ, संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेला) थर १ मीटर जाड, वाहकता २ मीटर/दिवस, उतार ०.०५: प्रवाह २ × ०.०५ × १ × २००० = २०० घनमीटर/दिवस, म्हणजे सेकंदाला सुमारे २.३ लिटर. आता पातळी १ मीटर चढली, वरच्या थराची वाहकता १० मीटर/दिवस आहे आणि उतार दुप्पट झाला. खालचा थर ४०० आणि वरचा २०००, एकूण २४०० घनमीटर/दिवस, म्हणजे सेकंदाला २८ लिटर. पातळी मीटरभर चढली, प्रवाह बारापट झाला.

चार, भरून सांडणे. उतारावर मातीखालचा कातळ सपाट नसतो, त्यात खळगे असतात. ते भरेपर्यंत उतार गप्प बसतो. भरले की एकमेकांत सांडत पाणी झपाट्याने खाली येते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील पॅनोला या प्रायोगिक उतारावर सुमारे ५५ मिमी पावसाचा उंबरठा आढळला होता. तो आकडा त्या उताराचा आहे, दुसरीकडे उचलून लावू नये. पण उंबरठा असतो ही गोष्ट मात्र बऱ्याच ठिकाणी दिसते.

मोजण्याआधी: तीन शब्द, तीन वेगळ्या गोष्टी

इथे गोंधळ झाला की पुढचे सगळे मोजमाप वाया जाते. 'पायाप्रवाह' म्हणजे ओढ्याच्या प्रवाहाच्या आलेखावरून ओळखलेला संथ प्रवाह. तो पाण्याच्या वेळेबद्दल बोलतो. 'जुने पाणी' म्हणजे या पावसाच्या आधी पाणलोटात असलेले पाणी. ते वयाबद्दल बोलते. 'भूजल' म्हणजे पातळीखालच्या संपृक्त थरातले पाणी; ते जागेबद्दल बोलते. पातळीच्या वर मातीत अडकलेला ओलावा जुना असतो, पण भूजल नसतो. आणि जुने भूजल झटपट बाहेर आले तर आलेख त्याला पायाप्रवाह म्हणत नाही. म्हणून आलेखाने पायाप्रवाह ३० टक्के आणि समस्थानिकांनी जुने पाणी ७५ टक्के दाखवले तर दोहोंपैकी एक चूक असेलच असे नाही.

पायरी १: पाणलोट निवडणे

पहिल्या प्रयत्नाला ०.५ ते ५ चौरस किमीचा पाणलोट घ्या. त्याहून मोठ्या क्षेत्रात वेगवेगळ्या भागांतले पाणी वेगवेगळ्या वेळी पोचते आणि पावसाचाही एकसारखेपणा राहत नाही. वर धरण, उपसा विहिरींची गर्दी, सांडपाण्याचा नाला किंवा कालव्याची गळती नको. सांडपाण्याची विद्युतवाहकता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप) जास्त असते. ते तुमच्या गणितात मुकाट्याने 'भूजल' म्हणून शिरते.

कोरड्या काळात ओढ्याच्या काठाने एकदा पूर्ण चाला आणि दर १०० मीटरला विद्युतवाहकता व तापमान नोंदवा. झरे, उपळट जागा आणि जिथे पाणी जमिनीत गडप होते त्या जागा नकाशावर उतरवा. हा फेरफटका अर्ध्या दिवसाचा असतो आणि पुढच्या अर्ध्या चुका वाचवतो.

पायरी २: प्रवाह मोजणे

लहान ओढ्यावर ९० अंशांच्या त्रिकोणी खाचेचा बांध सर्वांत सोयीचा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये मोजली की

प्रवाह (घनमीटर/सेकंद) = १.३८ × उंचीचा २.५ वा घात

उंची ०.२० मीटर असेल तर सुमारे २५ लिटर/सेकंद, ०.४० मीटरला सुमारे १४० लिटर/सेकंद. उंची खाचेपाशी मोजू नका. तिथे पाणी खाली वाकलेले असते. महत्तम उंचीच्या किमान चौपट अंतर वर जाऊन मोजा. खाचेतून पडणाऱ्या धारेखाली हवा खेळती हवी, धार पाटीला चिकटली की सूत्र लागू राहत नाही. आणि बांधाच्या खालून, बाजूने गळती होते का ते रंग टाकून पाहा.

उंचीतल्या चुकीचा परिणाम अडीचपट होतो. ०.२० मीटर उंचीला ३ मिमीची चूक म्हणजे प्रवाहात जवळजवळ ४ टक्के, ०.०५ मीटरला तीच चूक १५ टक्के. पूर मोजताना आपण फार काळजी करतो, पण पायाप्रवाहाचा हिशेब बिघडतो तो या लहान उंचींमध्ये. खाचेत अडकलेले एक पानही पुरेसे असते.

बांध तपासायला मीठ सोडून प्रवाह मोजण्याची पद्धत चांगली. फक्त ज्या पावसात विद्युतवाहकतेवरून पाणी वेगळे करणार आहात त्याच पावसात मीठ सोडू नका. हे उघड वाटते, पण घाईत हमखास घडते.

पायरी ३: काठाची भूजलपातळी

ओढ्याला काटकोनात एका ओळीत किमान तीन पिझोमीटर (भूजलपातळी मोजायचे उभे पाइप) बसवा: काठापासून साधारण १, ५ आणि २० मीटरवर. २५ ते ५० मिमी व्यासाचा पाइप, तळाच्या २० ते ३० सेंमीला चिरा, भोवती जाड वाळू, त्यावर बेंटोनाइट मातीचा किमान ३० सेंमीचा पक्का बूच. हा बूच कच्चा राहिला की पावसाचे पाणी पाइपच्या बाहेरून घसरत खाली जाते आणि पातळी भराभर चढली असे खोटेच दिसते. बसवल्यावर पाइपमधले पाणी उपसा. काही तासांत पातळी परत आली नाही तर चिरा गाळाने बुजल्या आहेत किंवा माती फारच घट्ट आहे.

चौथा पिझोमीटर ओढ्याच्या तळात ३० ते ५० सेंमी खोल ठोका. त्याच्या आतली पातळी ओढ्याच्या पातळीपेक्षा वर असेल तर भूजल ओढ्यात येत आहे. खाली असेल तर ओढाच जमिनीला पाणी देत आहे. एवढ्या स्वस्त साधनातून एवढे सरळ उत्तर दुसरे कुठले मिळत नाही.

पातळीची नोंद पुराच्या वेळी दर ५ ते १० मिनिटांनी हवी. स्वयंचलित दाबमापक वापरला तर हवेच्या दाबाची दुरुस्ती विसरू नका: १ हेक्टोपास्कल फरक म्हणजे पातळीत सुमारे १ सेंटिमीटर. वादळी पावसात हवेचा दाब काही हेक्टोपास्कलने सहज हलतो. आणखी एक फसवणूक: मुसळधार पावसात ओल्या थराखाली हवा कोंडते, तिच्या दाबाने पाइपमधली पातळी चढते, पण भूजलात भर पडलेलीच नसते. पाऊस थांबल्यावर काही तासांत पातळी जशी चढली तशीच खाली आली तर हा संशय घ्यावा.

पायरी ४: नमुने

पावसाआधी ओढ्याचे दोन-तीन आणि प्रत्येक पिझोमीटरचा एक नमुना घ्या. पिझोमीटरमधले साचलेले पाणी आधी काढून मगच. पाऊस सुरू झाल्यावर पावसाचे नमुने दर ५ मिमीला वेगळ्या बाटलीत. एकाच मोठ्या बादलीत सगळा पाऊस गोळा केला तर सरासरी मिळते, पण एकाच पावसात समस्थानिकांचे प्रमाण बरेच बदलते. संध्याकाळी सहाच्या ओढ्याशी रात्री दहाच्या पावसाची तुलना करण्यात अर्थ नाही. त्या-त्या क्षणापर्यंत पडलेल्या पावसाची, मिमीने भारित केलेली सरासरी वापरा.

ओढ्याचे नमुने: चढत्या बाजूला दर १५ ते ३० मिनिटांनी, शिखरानंतर दर तासाला, मग दर सहा तासांनी, प्रवाह मूळच्या जवळ येईपर्यंत. बहुतेकांचे चढत्या बाजूचे नमुने राहून जातात, कारण माणूस पोचतो तेव्हा शिखर जवळ आलेले असते. स्वयंचलित नमुनायंत्र असेल तर ते वेळेवर नव्हे, पातळी चढण्यावर सुरू होईल असे लावा.

समस्थानिकांसाठी बाटली काठोकाठ भरा, आत हवा नको, झाकण घट्ट. बाष्पीभवन झाले की जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते आणि नमुना निकामी होतो. विद्युतवाहकता जागेवरच मोजा, २५ अंश सेल्सिअसला दुरुस्त करा (दर अंशाला साधारण २ टक्के फरक), आणि मीटर १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणाबरोबर कमी वाहकतेच्या द्रावणातही तपासा. पावसाचे पाणी २० मायक्रोसीमेन्सच्या आसपास असते. फक्त १४१३ वर जुळवलेला मीटर तिथे भलतेच आकडे दाखवू शकतो.

पायरी ५: ओसरत्या आलेखाचे वाचन

रसायनाला हात लावण्याआधी आलेख काढा. प्रवाहाचा अक्ष लघुगणकी ठेवा. शिखरानंतरची रेघ आधी तीव्र उतरते, मग वाकते आणि शेवटी सरळ होते. सरळ झालेला भाग म्हणजे भूजलाचा साठा रिता होण्याचा भाग. समजा पाऊस नसलेल्या पाच दिवसांत प्रवाह ६० वरून ४८ लिटर/सेकंद झाला. दैनिक ओसरती स्थिरांक = (४८ ÷ ६०) चा १/५ वा घात = ०.९५६. भूजलावर चालणाऱ्या ओढ्यांत हा स्थिरांक बहुधा ०.९३ च्या वर सापडतो, ०.७ किंवा ०.८ आला तर तुम्ही पूर पुरता ओसरण्याआधीच रेघ धरली आहे.

यातूनच साठाही निघतो. ऱ्हासदर = ५ दिवसांतल्या गुणोत्तराचा नैसर्गिक लघुगणक ÷ ५ = दिवसाला ०.०४४६. प्रवाह ४८ लिटर/सेकंद म्हणजे दिवसाला सुमारे ४१४७ घनमीटर. ४१४७ ÷ ०.०४४६ म्हणजे जवळपास ९३,००० घनमीटर पाणी अजून ओढ्याला मिळू शकेल. २ चौरस किमीच्या पाणलोटावर पसरले तर ४६ मिमी. प्रवाह निम्मा व्हायला साडेपंधरा दिवस. झाडांचा उपसा किंवा विहिरी यात धरलेल्या नाहीत, म्हणून हा आकडा कोरड्या दिवसांत थोडा फसवतो. झाडे दिवसा पाणी ओढतात, तेव्हा लहान ओढ्यात रोज दुपारनंतर प्रवाह किंचित घटलेला दिसतो. तो आलेखाचा बिघाड नाही.

पूर कधी संपला हे ठरवायला जुना ठोकताळा आहे: शिखरानंतरचे दिवस = ०.८३ × (क्षेत्रफळ चौरस किमी) चा ०.२ वा घात. २ चौरस किमीला जवळपास एक दिवस, ५०० चौरस किमीला जवळपास तीन दिवस. उतार किंवा माती त्यात कुठेच नाही, तेव्हा त्याला ठोकताळ्यापेक्षा जास्त मान देऊ नये. लाइन आणि हॉलिक यांनी १९७९ मध्ये दिलेली गाळणी (प्रवाहाचा वेगवान आणि संथ भाग वेगळा करणारे सूत्र) संगणकावर चालवायला सोपी: दैनिक आकड्यांना गुणक ०.९२५, तीन फेऱ्या (पुढे, मागे, पुढे). तासाच्या आकड्यांना तोच गुणक लावू नका, पायाप्रवाह फुगून येतो. आणि कुठलीही गाळणी फक्त वेगवान-संथ एवढेच सांगते. पाण्याचा उगम तिला कळत नाही.

पायरी ६: मिश्रणाचे गणित

जुन्या पाण्याचा वाटा = (ओढा − पाऊस) ÷ (जुने पाणी − पाऊस)

विद्युतवाहकतेने: पाऊस २०, पावसाआधीचा ओढा ४२०, शिखराला ३००. वाटा = २८० ÷ ४०० = ७० टक्के.

ऑक्सिजन-१८ ने (म्हणजे जड ऑक्सिजनने): पाऊस −८.०, जुने पाणी −३.५, शिखराला ओढा −४.६ (सर्व प्रति हजार; उणे म्हणजे ठरलेल्या प्रमाण पाण्यापेक्षा जड ऑक्सिजन तेवढा कमी). वाटा = ३.४ ÷ ४.५ = ७६ टक्के.

या दोन आकड्यांत विद्युतवाहकता स्वस्त आणि सलग मिळते, पण ती प्रामाणिक नाही. पावसाचे पाणी मातीतून जाताना क्षार उचलते आणि स्वतःला 'जुने' भासवते. उलट, वरच्या मातीतला जुना ओलावा कमी क्षारांचा असेल तर त्याची गणना नव्या पाण्यात होते. ऑक्सिजन-१८ हा पाण्याच्याच रेणूचा भाग असल्याने वाटेत बदलत नाही. व्यवहार्य मार्ग असा: सलग विद्युतवाहकता ठेवा आणि एका पावसात दहा-पंधरा नमुन्यांचे समस्थानिक तपासून तिची पारख करा.

मातीतला ओलावा आणि भूजल वेगळे करायचे असेल तर तीन घटक होतात आणि दुसरा मागोवा-घटक (ज्यावरून पाण्याचा उगम ओळखता येतो असा पदार्थ) लागतो. बऱ्याचदा विरघळलेली सिलिका वापरतात, कारण पावसात ती जवळजवळ नसते.

पायरी ७: उत्तरावर किती भरवसा

चूक = √[(नवा वाटा × पावसाची अनिश्चितता)² + (जुना वाटा × जुन्या पाण्याची अनिश्चितता)² + (ओढ्याची अनिश्चितता)²] ÷ (पाऊस व जुने पाणी यांतला फरक)

वरच्या उदाहरणात पावसाची अनिश्चितता ०.५, जुन्या पाण्याची ०.३ आणि ओढ्याची ०.१ धरली तर अंशस्थानी ०.२८ येते. ४.५ ने भागले की ६ टक्के: उत्तर ७६ ± ६. पण पाऊस आणि जुने पाणी यांत फरक फक्त १.० असता तर तीच अनिश्चितता २८ टक्के झाली असती आणि पूर्ण मेहनतीनंतर काहीच सांगता आले नसते. म्हणून सगळे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्याआधी दोन टोकांचे, म्हणजे पाऊस आणि जुने पाणी यांचे, दोनच नमुने तपासून घ्या. फरक २ पेक्षा कमी दिसला तर त्या पावसावर पैसे घालवू नका, पुढच्याची वाट पाहा.

सगळे एका कागदावर

पाऊस, प्रवाह, तिन्ही पिझोमीटरची पातळी आणि विद्युतवाहकता एकाच वेळ-अक्षावर एकाखाली एक मांडा. आता क्रम वाचा. काठाजवळची पातळी प्रवाहाच्या आधी किंवा बरोबर चढली आणि २० मीटरवरची काही तासांनी, तर पहिला फुगवटा काठच्या पट्ट्याचा आहे. उताराची पातळी चढल्यावर दुसरा, बसका फुगवटा आला तर तो उतारावरून आलेला.

ओढ्याच्या तळातल्या पिझोमीटरकडे शिखराच्या वेळी खास लक्ष द्या. मोठ्या पुरात ओढ्याची पातळी भूजलाच्या वर जाते, उतार उलटा होतो आणि पाणी काठात शिरते. पूर ओसरला की तेच परत येते. आलेखाला ते भूजल वाटते, प्रत्यक्षात ते काही तासांपूर्वीचे पुराचे पाणी असते, आणि विद्युतवाहकताही तोवर थोडी वाढलेली असते.

प्रवाहाच्या अक्षावर विद्युतवाहकता मांडून चढती आणि उतरती बाजू जोडली तर बहुधा फास तयार होतो. त्याच प्रवाहाला चढताना वाहकता जास्त आणि उतरताना कमी असेल, तर जुने पाणी पुढे ढकलले जाऊन नवे मागून आले. उलटा फास म्हणजे रस्ते, खडक किंवा संपृक्त काठ यांवरून नवे पाणी आधी पोचले.

यातला कुठलाही निष्कर्ष एका पावसावर काढू नका. कोरड्या काळानंतरचा पहिला पाऊस, पाणलोट पुरता भिजल्यावरचा एक आणि मधला एक, असे किमान तीन पाऊस मोजा; पहिल्यात आणि पाणलोट भिजल्यावरच्या पावसात जुन्या पाण्याचा वाटा एकच आला तर गणित पुन्हा तपासावे, बहुतेक वेळा पावसाआधीचा ओढ्याचा नमुना चुकीच्या दिवशी घेतलेला असतो.